भिंत पांढरीच होती

म्हाताऱ्या रंगाऱ्याच्या नजरेचा धंद्यात दबदबा होता. पांढऱ्यात निळ्याचा थेंब जास्त पडला तरी तो दारातूनच ओळखायचा. त्यामुळे दातांच्या दवाखान्याची नवी भिंत बघून तो म्हणाला, "पिवळी मारलीस," तेव्हा मुलगा चपापलाच. त्यानं भिंतीला नाक लावून बघितलं, डबा उजेडात नेऊन बघितला.

"बाबा, पांढराच आहे."

"मला शिकवतोस? हळद फासल्यासारखी दिसतेय."

हाताखालचे दोघे कामगार मान खाली घालून हसले. मुलाच्या मस्तकात तिडीक गेली. हृदय कमजोर झालं म्हणून डॉक्टरांनी बापाची शिडी बंद केली आणि धंदा मुलाकडे आला, तेव्हापासून बापाला त्याचं एकही काम धड वाटत नव्हतं.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "बाबांनी आजही ताट तसंच ठेवलं. मळमळतं म्हणतात. दिव्याभोवती पिवळं कडं दिसतं म्हणे."

"माझ्या कामाला नावं ठेवायची आहेत, दुसरं काय!"

"मला नाही तसं वाटत. मघाशी पाणी देताना त्यांचा हात लागला. गारठलेला होता."

त्यानं ते कानाआड केलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कामगार बाहेर गेले होते. मुलगा हात धुऊन आत आला, तर बाप शिडीवर. एका हातात ब्रश, दुसऱ्यानं भिंत चाचपतोय.

"बाबा, उतरा आधी!"

"तुला जमत नाही, तर मीच..."

पुढचे शब्द आलेच नाहीत. ब्रश खाली पडला. मुलानं धावत जाऊन कोसळणाऱ्या बापाला झेललं. बाप एवढा हलका झालाय हे त्याला ठाऊकच नव्हतं.

रंगाचे डबे बाजूला सारून त्यानं त्याला टेंपोत आडवं केलं आणि हॉस्पिटल गाठलं. नर्सनं नाडी धरली, सोडली, पुन्हा धरली. छातीवर गार जेल लावलं, तारा जोडल्या. ईसीजीचा कागद सरसर बाहेर आला. डॉक्टरबाई तो बघत राहिल्या. वर बघेनात.

"यांना वस्तू पिवळ्या दिसत होत्या का?" त्यांनी विचारलं.

"हो. पण तुम्हाला कसं..."

"हृदयाची गोळी कुठली चालू आहे?"

बापाच्या शर्टाच्या खिशात दोन पाकिटं निघाली. नावं वेगळी, आतलं औषध एकच. नवी, कमी ताकदीची गोळी सुरू करताना जुनी बंद करायला सांगितलं होतं. तो दोन्ही घेत होता.

डोळे मिटूनच म्हातारा पुटपुटला, "नव्या गोळीनं जोर येईना. शिडी चढायची होती मला."

डॉक्टरबाईंनी मुलाला बाजूला घेतलं. "ही गोळी थकलेल्या हृदयाला बळ देते. पण जरा जास्त झाली की विषच; सगळं पिवळं दिसतं ते त्यानंच. त्यात यांची मूत्रपिंडं थकलेली, म्हणून ती अंगातच साचत गेली. आता हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा इशारा खालच्या कप्प्यांना पोचतच नाहीये. ते आपल्या मर्जीनं अधूनमधून ठोका देतायत."

"आणि नाही दिला तर?"

"उतारा मागवलाय. तो येईपर्यंत गळ्याच्या शिरेतून तार घालून मशीननं हृदय चालतं ठेवू."

उतारा संध्याकाळी आला. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरबाईंनी मुलाला आत बोलावलं. "मशीनचा वेग कमी करून बघते. हृदय स्वतःहून किती चालतंय, ते कळेल."

पडद्यावरची रेघ सरळ धावू लागली. मुलानं खाटेची कड घट्ट धरली. रेघ धावतच राहिली. मग एक ठोका उठला. बऱ्याच वेळानं दुसरा.

"हे त्यांचे स्वतःचे आहेत," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि त्यांनी वेग पुन्हा वाढवला. "पण अजून भरवसा धरू नका."

म्हाताऱ्यानं डोळे उघडले. "कामावर कोण आहे?"

"कुणी नाही. बंद ठेवलंय."

"मग इथं काय बसलायस? जा."

"हो, जातो," मुलगा म्हणाला, आणि पडद्यावर नजर खिळवून बसून राहिला.