पपईची फोड

त्या मंगळवारी सकाळी माझी बायको म्बोझे परसात बसून केस काळे करत होती. नारळाच्या करवंटीत काळी पूड कालवलेली होती आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने ती लावत होती. मागे काही राहिलंय का, बघा म्हणाली. मानेपाशी बोटभर पांढरं राहिलं होतं, तिथे मीच लावलं.

आमच्या किडुंदानी गावात साठीच्या पुढची सगळी माणसं केस काळे करतात. हौस म्हणून नव्हे. केस पांढरे आणि डोळे लाल दिसले की माणूस चेटूक करतो असं आमच्याकडे मानतात. जन्मभर चुलीपुढे बसलेल्या बाईचे डोळे लाल होणारच, पण ते कोणी बोलत नाही.

त्या दिवशी आंब्याखाली गावसभा होती. आमचा चीफ म्वारो पोलीस चौकीवरच्या साहेबांना घेऊन आला होता. महिन्यात किती गुन्हे झाले ते त्याने वाचून दाखवलं. दोन शेळ्या चोरीला गेल्या, शाळेच्या माडांचे नारळ कोणी उतरवून नेले आणि मोटारसायकलवाल्या दोघांत मारामारी झाली. मागल्या वर्षापेक्षा गुन्हे निम्म्यावर आले, सगळ्या किनाऱ्यावर असं शांत गाव नाही, असं तो म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

म्बोझेने वाजवल्या नाहीत. "आणि येरी कुठे गेली?" ती म्हणाली. "का तिचा जीव शेळीपेक्षा हलका होता?"

येरी आमची शेजारीण. पाच महिन्यांपूर्वी ती आपल्याच कसाव्याच्या कंदांच्या शेतात कोयत्याने तोडलेली सापडली होती. तिच्या आधी दोन म्हातारे तसेच गेले होते. तिघांच्याही कागदावर मारेकरी अज्ञात असं लिहिलं गेलं. त्यांना का मारलं हे गावात सगळ्यांना माहीत होतं, पण वर्षाच्या हिशेबात ती तिघं कुठेच नव्हती. म्बोझे हळू बोलली होती, पण पुरेसं हळू नाही. मी तिचा हात दाबला. पुढे बसलेला माझा पुतण्या जेफ्वा मागे वळला आणि जरा जास्तच वेळ तिच्याकडे पाहत राहिला.

जेफ्वा माझा धाकटा भाऊ कोंबे याचा मुलगा. आमच्या वाडवडिलांची जमीन दोघा भावांच्या नावावर आहे. माडांच्या पलीकडचा तुकडा थेट समुद्राला लागतो. बाहेरच्या कोणाला तो बांधकामासाठी हवा होता आणि जेफ्वा मध्यस्थ झाला होता. कोंबेने अंगठा दिला होता, माझा राहिला होता. मला तसं कोणाला नाही म्हणता येत नाही. नाही म्हणायचं काम घरात म्बोझेचं होतं.

जेफ्वा कागद घेऊन आला तेव्हा ती मक्याचे दाणे सोलत होती. तिने त्याला बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं आणि मग म्हणाली, "माडावर चढता येत नाही म्हणून माड विकायला निघालास होय रे?"

"काकू, मी काकांशी बोलतोय."

"मग बोल की. काका इथंच आहेत, कान शाबूत आहेत त्यांचे."

मला हसू आलं. जेफ्वाला नाही आलं. पाणी न पिताच तो उठला. मी माडी काढून पोट भरतो. साठी उलटली तरी दिवसातून तीनदा सहा माड चढतो. त्या संध्याकाळी माडाच्या शेंड्यावरून पाहिलं तर तो अजून खाडीच्या वाटेवर उभा होता. तोंड आमच्या घराकडे होतं.

दोन आठवड्यांनी त्याची मुलगी आजारी पडली. आठ महिन्यांची, पहिलीच. ताप उतरेना. म्बोझे दोन दिवस तिच्याजवळ बसून ओली फडकी ठेवत होती. दवाखान्यात न्या, दवाखान्यात न्या, असं तिने कितीदा सांगितलं. त्यांनी आधी वैदूकडे नेलं. तिसऱ्या दिवशी पोर गेली.

मयताच्या घरी बायका चटयांवर दाटीवाटीने बसल्या होत्या. म्बोझे ज्या चटईवर बसली ती हळूहळू रिकामी झाली. एकीला लघवीला जायचं होतं, एकीचं मूल रडत होतं, एकीला ऊन लागत होतं. पुढच्या आठवड्यात शेजारणीने उसनी नेलेली चाळण परत केली, ती कुंपणाबाहेर ठेवून गेली. मुलं आमच्या दारावरून शाळेत जायची, ती खालच्या वाटेने जायला लागली. माझी माडी रोज दुपारपर्यंत संपायची, ती आता संध्याकाळपर्यंत उरू लागली. तोंडावर कोणी एक शब्द बोललं नाही. शिवी दिली असती तर उत्तर तरी देता आलं असतं.

मग कोंबे आला. इकडचं तिकडचं बोलला आणि शेवटी म्हणाला, "दादा, लोक काय वाट्टेल ते बोलतायत. मला पटत नाही ते. पण वहिनीला एकदा वैदूकडे नेऊन पपई खाऊ घालू. जेफ्वाही खाईल. सगळ्यांची तोंडं बंद."

ही आमची जुनी रीत. वैदू पपईवर मंत्र घालतो. आरोप करणारा आणि ज्याच्यावर आरोप आहे तो, दोघेही एकेक फोड खातात. निर्दोष माणसाला काही होत नाही, दोषी माणसाचं तोंड सुजतं. माझ्या वडिलांनी तरुणपणी अशी फोड खाल्ली होती आणि हसत घरी आले होते. माझा त्या रितीवर विश्वास होता, हे मला लिहिलंच पाहिजे. कोणी मला जबरदस्ती केली नाही. मी कोंबेला होकार दिला आणि मग म्बोझेला सांगितलं.

हातातलं काम थांबवून ती उभी राहिली. "तुम्हाला काय वाटतं माझ्याबद्दल?"

"मला काही वाटत नाही. म्हणून तर जायचं."

"काही वाटत नाही तर कशाला जायचं?"

मी म्हणालो की लोकांसाठी. सकाळी तयार होऊन ती माझ्याआधी वाटेला लागली. आमच्यातल्या बायकांसारखी दोन रंगीत कापडं गुंडाळायची ती, पण त्या दिवशी लेकीच्या लग्नातलं तिचं ठेवणीतलं वस्त्र होतं.

वैदूच्या अंगणात गावची वीसेक माणसं आधीच येऊन बसली होती. त्याने पपई कापली, पुटपुटला, फुंकर मारली. जेफ्वाला पिवळी फोड दिली. म्बोझेची फोड वेगळ्या पानावर होती, हिरवट, कडेला पांढरा चीक. ते मला तेव्हाच दिसलं. दिसलं आणि मी गप्प राहिलो. आठ दिवसांपूर्वी दवाखान्यात तिची दाढ काढली होती आणि हिरडी अजून उघडी होती, हेही मला माहीत होतं. आजही माडाला टेकून बसलो की ती दोन पानं शेजारी शेजारी दिसतात.

तिने फोड खाल्ली. थोड्या वेळाने खालचा ओठ फुगायला लागला, मग गाल. बायकांनी तोंडाला अंगावरच्या कापडाची टोकं लावली. जेफ्वा जमिनीकडे बघत बसला होता. म्बोझेने मान वळवून मला शोधलं. मी दोन हातांवर होतो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी एक पाऊल मागे गेलो.

एकच पाऊल. पण तिने ते पाहिलं, आणि वीस माणसांनीही पाहिलं.

परतताना ती पुढे आणि मी बऱ्याच मागे चालत होतो. चाळीस वर्षांचा संसार. तिच्या हातचं किती जेवलो ते मोजता येणार नाही. पण त्या वाटेवर मला आमचा दुसरा मुलगा आठवला, जो पाळण्यातच गेला होता. मरून गेलेली गाय आठवली. एक वर्ष माझा पाय धरला होता ते आठवलं. इतकी वर्षं ज्या गोष्टी नुसत्या घडल्या होत्या त्या आता कोणीतरी केल्यासारख्या दिसायला लागल्या. मोंबासाला दिलेल्या मुलीला कळवावं का असा विचार आला, तर काय कळवू हे सुचेना.

तीन दिवस मी कोंबेकडे जेवलो, निजायलाही त्याच्याच ओट्यावर. घरी फक्त माडीची भांडी न्यायला जायचो. ती दोघांपुरतं रांधत होती. झाकलेलं ताट दिसायचं. दुसऱ्या दिवशी तिने एवढंच विचारलं की औषध लावून सूज उतरली, बघता का. मी भांडी उचलली आणि निघालो.

चौथ्या दिवशी दुपारी कोंबेच्या बायकोने, न्येवूने, मला मक्याच्या पिठाची उगाली आणि नारळाच्या रसातली मासळी वाढली. माझी माडावर चढायची वेळ झाली होती. मी उठायला लागलो तसा तिने आणखी एक पळा वाढला. "बसा हो भावजी. माड काय पळून जातायत?" मी बसलो. तिने पुन्हा वाढलं. तिचं वाढण्याकडे लक्ष नव्हतं, ती सारखी वाटेकडे बघत होती. तेव्हा मला वाटलं, नातीचं दुःख अजून ताजं आहे.

जेवून मी पहिला माड चढलो. वर पोहोचून भांडं सोडवताना खाली नजर गेली. माझ्या घरामागच्या कसाव्यातून तीन माणसं बाहेर पडली. पळत नव्हती, भरभर चालत होती आणि तिघे तीन दिशांना गेले. एक जेफ्वा होता, बाकीचे दोघेही ओळखीचे. हातातला कोयता त्याने खाडीच्या चिखलात खुपसला, वर काढला, पुन्हा खुपसला. माझ्या घराच्या छपरातून धूर येत नव्हता. तिच्या चुलीला त्या वेळी धूर नाही असं कधी झालं नव्हतं.

मी कसा उतरलो ते आठवत नाही. छाती आणि मांड्या सोलून निघाल्या होत्या. म्बोझे मागच्या दारात होती. ते लिहीत नाही.

पोलीस आले. कोणीच काही पाहिलं नव्हतं. मला विचारलं तेव्हा मीही म्हणालो की मी जेवत होतो, जे खरंच होतं. त्यांनी मारेकरी अज्ञात असं लिहिलं. येरीच्या वेळी असंच झालं असेल. तेव्हा तिच्या माणसांचा मला राग आला होता, ती बोलली का नाहीत म्हणून.

पुढच्या गावसभेच्या आदल्या दिवशी कोंबे आला. रडला, आणि ते रडणं खोटं नव्हतं. "दादा, वहिनी काही परत येणार नाही. माझं पोर तरी राहू दे मला." जाताना दारात थांबून तो म्हणाला, "केस फार पांढरे झालेत तुझे. काळजी वाटते."

ती काळजी होती की आणखी काही, हे त्याच्या तोंडावरून मला कळलं नाही. सख्खा भाऊ. एकाच आईच्या पाठीवर वाढलेलो.

जेफ्वाने हे जमिनीसाठी केलं की मुलीसाठी, तेही मला सांगता येत नाही. बहुतेक दोन्ही असेल. आपलं पोर काकूने खाल्लं असं त्याला खरंच वाटत असेल आणि तसं वाटणं त्याच्या सोयीचंही असेल. आमच्या गावात म्हातारी माणसं अशीच मरतात. एकाला जमीन हवी असते, दहा जणांना भीती असते, आणि घरातलं एक माणूस पाऊलभर मागे सरकतं.

दुसऱ्या दिवशी आंब्याखाली चौकीवरच्या साहेबांपुढे चीफने यादी वाचली. एक सायकल, थोडे नारळ, एका दुकानाचं कुलूप. मी उभा राहिलो. म्बोझेला जेफ्वाने आणि त्याच्याबरोबरच्या दोघांनी मारलं, असं मी सांगितलं. त्या दोघांची नावं घेतली. माडावरून काय पाहिलं, कोयता कुठे धुतला, सगळं सांगितलं. कोणी ओरडलं नाही. माझ्या आजूबाजूचे लोक फक्त थोडे थोडे सरकले आणि मी मोकळ्या जागेत उभा राहिलो. जेफ्वा सभेत होता. त्याला दोन शिपायांनी धरलं तेव्हा न्येवू चेहऱ्यावर हात घेऊन खाली बसली.

साहेबांनी मला चौकीवर नेलं आणि सगळं पहिल्यापासून लिहून घेतलं. तरुण माणूस, दूरच्या डोंगराकडचा. पपईपाशी आल्यावर त्याने पेन थांबवलं.

"तिला तिथे कोण घेऊन गेलं?"

"मी."

"बाबा, तुम्ही स्वतः तिला चेटकीण मानत होता का?"

"तीन दिवस मानत होतो."

त्याने पेन खाली ठेवलं. मग हलक्या आवाजात म्हणाला की हे कागदावर नको, जेफ्वाचा वकील याचाच फायदा घेईल, आणि तसंही हा काही गुन्हा नाही.

"लिहा साहेब," मी म्हणालो. "त्याच तीन दिवसांत ती घरात एकटी होती. चौथ्या दिवशीही."