अस्वलासाठी पाच शर्ट

"तोंडावर खोटं बोलतोस, आणि वर इस्त्री करून घेतोस!"

अनसूयाबाईंनी कपाटाच्या तळाशी, चादरींखाली कोंबलेले पाचही शर्ट ओढून काढले आणि पलंगावर आपटले. काल दुपारभर उभं राहून एकेक कॉलर त्यांनी दाबून बसवली होती. नॉर्वेच्या ऑफिसात लेकाची मान ताठ दिसावी म्हणून.

पन्नाशीचा परीक्षित दारातच थबकला. टॅक्सी यायला अर्धा तास होता.

त्याच्या बॅगेत शर्टांच्या जागी लोकरीचे जाड मोजे निघाले होते. मोज्यांखाली एक छापील कागद. वर चित्र होतं, बर्फाच्या डोंगरांमध्ये काडेपेटीएवढी शिडाची बोट.

"हे तुझं ऑफिस?"

"आई, तीनच आठवडे. उत्तर ध्रुवाकडे, स्वालबार्डला. आठ जण आहोत, कॅप्टन अनुभवी आहे. आळीपाळीने बर्फावर नजर ठेवायची. एकदम सेफ आहे."

"सेफ आहे तर लपवलंस कशाला? आणि हे शर्ट कोणाला दाखवणार होतास? अस्वलाला?"

परीक्षितला हसू आलं, ते त्याने गिळलं. बाईंनी कागद उलटला. इंग्रजी वाचता येत नसलं, तरी लंडनच्या पिनर उपनगरात चाळीस वर्षं फॉर्मवर सह्या करून कुठल्या चौकोनात काय विचारतात ते त्यांना पाठ होतं. खालच्या एका चौकोनावर बोट टेकलं.

"वाच."

तो मोजे परत बॅगेत कोंबू लागला.

"वाच म्हणते ना! मी चौथी नापास. तू शिकलेला."

"इमर्जन्सी कॉन्टॅक्ट... डेव्हिड."

"हा कोण लागतो तुझा?"

"ऑफिसातला आहे. अगं, ते इंग्रजीत फोन करणार. तू घाबरशील, म्हणून मग तो तुला..."

बाईंनी एक शर्ट उचलला. चुरगळलेली बाही मांडीवर ठेवून तळहाताने सपाट करू लागल्या.

"तुझे बाबा गेले तेव्हाही हॉस्पिटलने तुलाच फोन केला. मँचेस्टरला. तू ट्रेनने येऊन सांगेपर्यंत मी कोट घालून, त्यांचा डबा भरून बसले होते. वरण दोनदा गरम केलं मी. गेलेल्या माणसासाठी."

परीक्षित पलंगाच्या कडेवर बसला. त्याने खिशातून पेन काढलं, डेव्हिडवर काट मारली आणि वर आईचं नाव लिहिलं. नंबर बाईंनीच सांगितला. सावकाश, इंग्रजीत, एकही आकडा न चुकता.

बाहेर टॅक्सीचा हॉर्न वाजला. बाईंनी त्या एका शर्टाची नीट घडी घातली, मोज्यांवर ठेवली आणि बॅगेची चेन स्वतः ओढली.

"मेल्याची बातमी कळायला इंग्रजी लागत नाही, परीक्षित. बर्फाला भीत नाहीस तू, आईच्या रडण्याला भितोस. भित्रा आहेस. नीघ आता."