गालातला अंधार

मित्रांनो, मी काचेच्या तंतूंचा एक जुना प्रोब आहे. माझी जाडी पेन्सिलीच्या शिशाएवढी आणि काम साधं. तोंडात जाऊन गालाच्या आतल्या त्वचेवर निळा उजेड टाकायचा आणि तिथून परत येणारा मंद हिरवा उजेड यंत्रापर्यंत न्यायचा. निरोगी जागा उजळते. जिथे कर्करोग शिरू लागतो, ती काळी दिसते.

मला बाबांनी घडवलं. खरं तर ते त्यांच्या मुलीचे बाबा. पण ती डबा घेऊन प्रयोगशाळेत यायची, 'बाबा' अशी हाक मारायची, म्हणून मीही त्यांना बाबाच म्हणू लागलो.

चाचणीसाठी ते मला स्वतःच्याच गालाला लावत. डावा गाल छान उजळायचा. एकदा त्यांनी उजवीकडे लावून पाहिलं. तिथे एक डाग काळा आला.

"याचं टोक खराब झालंय," ते म्हणाले आणि मला बारीक कागदावर घासायला बसले. पुन्हा लावलं, पुन्हा काळं. पुन्हा घासलं.

"एवढे लाड माझे कधी केले नाहीत," मुलगी म्हणाली.

"तू पहिल्यापासून नीट चालतेस गं."

"बाबा, डावीकडे हा बरोबर दाखवतो. माझ्या गालावरही. मग उजवीकडे खरंच काही असलं तर?"

"दात लागलाय तिथे. तू डॉक्टर कधी झालीस?"

ती हसली आणि डबा उघडू लागली. मी काळं दाखवण्यापलीकडे काय करणार?

शेवटी त्यांनी यंत्राची मापंच बदलली, तो डाग उजळ दिसेपर्यंत. सहकाऱ्यांनी त्यांची पाठ थोपटली. माझंही फार कौतुक झालं.

पुढे बाबांचं तोंड उघडेनासं झालं. डॉक्टरांना आत बघायलाही जागा मिळेना.

"इतके दिवस काय करत होतात?" त्यांनी विचारलं.

बाबांनी मुलीकडे पाहिलं. ती म्हणाली, "आमच्या लक्षात नाही आलं."

बाबा गेले. त्यांचा चष्मा न्यायला ती प्रयोगशाळेत आली, तेव्हा एवढंच म्हणाली, "याची मापं पहिल्यासारखी करून ठेवा. दुसऱ्या कुणाला लावण्याआधी."

"आता कोण वापरतंय हा, ताई?" सहकारी म्हणाले आणि त्यांनी मला खणात ठेवलं. मापं तशीच राहिली.

मित्रांनो, मला कुणी जपलं नाही तरी चालेल. पण तुमच्या घरात कुणाच्या तोंडातली जखम भरत नसेल, तर त्यांना डॉक्टरकडे न्या. ते चेष्टेवारी नेतील, रागावतील. तरी हाताला धरून न्या.