खोट्यावर गरजणारी बंदूक

"ठो!" असा आवाज झाला, भोपळ्याच्या चिंधड्या उडाल्या आणि बंद पडलेल्या सिनेमागृहातली गर्दी एका सुरात ओरडली, "खोटारडा!"

गर्दी ज्याच्यावर ओरडत होती तो आमच्या ताईचा होणारा नवरा, एक साधासुधा फोटोग्राफर. "माझं याआधी लग्न झालेलं नाही," एवढंच वाक्य तो बोलला होता. चेहऱ्यावर भोपळ्याच्या बिया घेऊन बिचारा मंचावर उभा होता. त्याला तिथवर नेणारे माझे काका, म्हणजे ताईचे वडील, पहिल्या रांगेत डोकं धरून बसले होते. आणि मंचावर बंदुकीला गोंजारत बंदूकबाबा म्हणत होता, "मी कोण सांगणारा? मी नुसता चाप ओढतो. बोलते ती ही माउली!"

ही माउली म्हणे तीनशे वर्षांपूर्वीच्या एका योद्ध्याची. त्याने मरताना शाप दिला, की ही खऱ्यासमोर मुकी राहील आणि खोट्यासमोर गरजेल. अख्खं शहर या माउलीच्या नादी लागलं होतं. मालक कामगारांना आणत, नवरे बायकांना, बायका नवऱ्यांना. ज्याला शंका असेल त्याने ती, आणि ती किती पक्की आहे तेही, आधी बाबाच्या कानात सांगायचं. मग बाबा भक्तिभावाने बंदुकीच्या घोड्याचा, म्हणजे चाप ओढल्यावर काडतुसावर आपटणाऱ्या खटक्याचा, मुका घेई. संशयित नळीवर हात ठेवून बोले आणि बाबा समोर वाळूच्या पोत्यांपुढे ठेवलेल्या भोपळ्यावर नेम धरी. खरं असेल तर नुसतं "टिक्". खोटं असेल तर "ठो". काडतूस दोन्ही वेळा त्याच पेटीतलं. निर्दोष सुटलेले लोक आपलं मुकं काडतूस तावीज म्हणून गळ्यात बांधत.

काकांनी लग्न मोडलं. ताई वडिलांना म्हणाली, "बाबा, तुम्ही त्याला एकदा तरी सरळ विचारलंत का?"

"बंदुकीने विचारलं ना!"

"मग लग्नही तिच्याशीच लावा माझं!" असं म्हणून ताईने दार आपटलं आणि आपल्या मावशीला फोन लावला.

मावशी संग्रहालयात जुन्या शस्त्रांच्या विभागात होती. कुठली बंदूक कधीची, तिचे कुठले भाग मूळचे आणि कुठले मागाहून चिकटवलेले, हे शोधण्यात तिचा जन्म गेला होता. आल्या आल्या तिने चहासुद्धा घेतला नाही. मला म्हणाली, "तावीज घातलेली माणसं दाखव. आणि फुटलेली काडतुसं कुठे टाकतात?"

फुटलेली काडतुसं सिनेमागृहामागच्या कचऱ्यात सापडली. तावीज घातलेल्या माना तर गल्लीत हव्या तेवढ्या होत्या. मावशीने भिंग काढलं, दोन्ही प्रकारची काडतुसं बघितली आणि गालातल्या गालात हसली. मी विचारलं, तर म्हणाली, "आत्ता सांगितलं तर तू तोंड उघडशील. उद्या चल."

दुसऱ्या दिवशी काकाही आले, म्हणजे ताईने त्यांना ओढतच आणलं. मावशी मंचावर चढली. बाबाने आदराने विचारलं, "आजी, शंका कुणाची?"

"माझी मलाच. वय विसरायला होतं हो हल्ली. माउलीला विचारावं म्हटलं."

लोक हसले. बाबाही हसला. त्याने काडतूस भरलं आणि घोड्याचा मुका घेतला. मावशी म्हणाली, "थांबा, मलाही डोकं टेकवू द्या." ती वाकली, घोड्याला दोन्ही हातांनी स्पर्श केला, मग नळीवर हात ठेवून खणखणीत आवाजात बोलली, "माझी साठी उलटली आहे."

"ठो!"

भोपळा फुटला. गर्दी मावशीच्या पांढऱ्याशुभ्र अंबाड्याकडे बघू लागली. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे आजी तरुण आहेत की काय?"

बाबाच्या कपाळावर घाम आला. "माउली आज रागात आहे," तो पुटपुटला.

"मग चूक सुधारते," मावशी म्हणाली. "भरा दुसरं."

आता नाही म्हणायची सोय नव्हती. पुन्हा काडतूस, पुन्हा मुका, पुन्हा मावशीचा नमस्कार. मग ती किंचित लाजून म्हणाली, "मी नुकतीच सोळा वर्षांची झाले."

"टिक्."

असा हशा पिकला की खुर्च्या करकरल्या. बाबा बंदूक घेऊन पळायच्या बेतात होता, पण काका मंचाच्या पायरीवर येऊन उभे राहिले होते. मावशीने बंदूक हातात घेतली आणि आधी ती रिकामी केली.

"हे काडतूस बघा. याची दारू पेटवणारा मसाला बुडाच्या काठात असतो, मध्ये नसतो. काठावर घाव बसला तर फुटेल, मध्ये बसला तर कितीही घाव घाला, मुकंच. आता हा घोडा बघा. याच्या टोकाची सुई फिरवता येते. पूर्वी काही बंदुका दोन्ही जातींची काडतुसं चालावीत म्हणून अशा बनवत. सुई अशी ठेवली की काठावर, अशी फिरवली की मध्यावर. बाबा मुका घेताना अंगठ्याने ती फिरवतात. मी नमस्कार करताना मला हवी तशी फिरवली. तावीज काढून बघा, प्रत्येकाच्या काडतुसाला बरोब्बर मधोमध खळी असेल."

माना खाली गेल्या. ज्याने त्याने आपापला तावीज सोडला. खळी मधोमधच होती.

"पण तीनशे वर्षांची तर आहे ना?" एकाने आशेने विचारलं.

"असली काडतुसं निघून दोनशे वर्षंसुद्धा झालेली नाहीत, बाळा. आणि हिच्या नळीवरचा आकडा वेगळा, चौकटीवरचा वेगळा. दोन बंदुका मोडून ही एक जोडली आहे. या लाकडी दस्त्याचं मात्र भावोजी सांगतील, लाकूड हा त्यांचा विषय."

काकांचा फर्निचरचा कारखाना. त्यांनी दस्त्यावरून हात फिरवला, वास घेतला आणि त्यांचा चेहराच बदलला. "हे लाकूड नवीन आहे. वर काळं पॉलिश मारलंय, तेही कच्चं. अजून बोटाला चिकटतंय."

बाबाला पोलिसांनी नेलं. परवान्याचं विचारलं तेव्हा माउली काही बोलली नाही.

काका मात्र तिथून थेट फोटोग्राफरच्या स्टुडिओत गेले. मीही गेलो. काका खाली बघत म्हणाले, "मी ऐकलं होतं की परगावच्या एका दुकानाच्या काचेत तुमचा नवरदेवाच्या पोशाखातला फोटो आहे. शेजारी नवरीसुद्धा."

"आहे ना," तो म्हणाला. "तिथे नवीन शाखा काढली तेव्हा नमुन्याला फोटो हवा होता. गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून मीच उभा राहिलो. नवरी म्हणजे माझी सख्खी बहीण. फोटो काढेपर्यंत मला चिमटे काढत होती."

काकांना हसावं की रडावं कळेना. "मग त्या दिवशी हे का नाही सांगितलंत?"

"विचारलं कुणी?"

मंडळी, त्या बंदुकीने एकदाही कुणाचं खरं-खोटं केलं नाही. बाबाच्या कानात जी शंका गेली, तीच तिच्या तोंडून धाडकन बाहेर आली. शंका आपली, आवाज तिचा, आणि आपण त्यालाच पुरावा समजलो. शंका यायलाच हवी, तिच्याशिवाय शहाणपण सुरूच होत नाही. पण ती घेऊन जायचं ते ज्याच्याबद्दल आहे त्या माणसाकडे. त्याच्यासमोर बसा, विचारा, उत्तर ऐका, पटलं नाही तर तपासा. आणि कुणी चमत्कार दाखवलाच, तर डोकं टेकवताना डोळे तेवढे उघडे ठेवा.