तानाबाईचं रक्त

मित्रांनो, माझं झाकण आता नीट बसत नाही, म्हणून मला आर्वीच्या दवाखान्यात जिन्याखाली टाकलंय. कोणी माझ्यावर चपला ठेवतं, कोणी झाडू. पण एके काळी मी लसीची पेटी होते, आणि माझा तोरा काही औरच होता! पोटात बर्फ, खांद्याला पट्टा, आणि तो पट्टा यशोदाबाई नर्सच्या खांद्यावर. मी दिसले की गावातली पोरं भोकाड पसरायची, आणि त्यांच्या आया मला दुवा द्यायच्या.

पुढे नव्या पेट्या आल्या आणि माझ्याकडे दुसरं काम आलं. स्तनाचा कर्करोग काही घरांत आईकडून किंवा बापाकडून उतरतो. रक्त तपासलं की दिसणारा, जनुकांतला एखादा बारीकसा बदल त्याला कारण असतो. कोणत्या बदलाने धोका वाढतो हे ठरवायला डॉक्टर रत्नदीप वेगवेगळ्या समाजांतल्या बायकांचं रक्त जमवत होते आणि मी ते वाहून आणत होते.

बाजारातल्या सुलोचनाबाईंचं रक्त मीच आणलं. त्यांच्यातला बदल ओळखीचा निघाला, कारण तो आधी पुष्कळ लोकांत सापडला होता. त्यांची नात आचल आता वेळेवर तपासण्या करून घेते. मला केवढं बरं वाटलं!

मग आम्ही डोंगराकडच्या गावी बायजाकडे गेलो. बायजा गोंड समाजातली. तिला गाठ झाली होती, उपचार चालू होते. तिच्यातही बदल निघाला, पण डॉक्टर म्हणाले, "याचा अर्थ ठरलेला नाही. जगभर जे रक्त तपासलं गेलं, त्यात बायजाबाईंसारख्या लोकांचं फारच थोडं आहे. याच घरात आजार झालेली दुसरी कोणी असेल, तर तिचं रक्त आणा. तिच्यातही हाच बदल असला तर काहीतरी उलगडेल." हा उलगडा बायजाच्या मुलीसाठी, स्वीटीसाठी हवा होता. ती नुकती कॉलेजात जायला लागली होती.

यशोदाबाई मला घेऊन पुन्हा त्या अंगणात बसली. बायजाला नीट समजावं म्हणून तिने सोपा शब्द शोधला.

"बायजे, तुह्या कुळात कोणाले अशी गाठ झालती का वं?"

"नाई बाई. आमच्या कुळात कोणालेच नाई."

बायजाची आत्या तानाबाई तिची शुश्रूषा करायला आली होती. तिने आम्हाला चहा दिला आणि डावा हात छातीशी धरून माझ्या शेजारीच टेकली. आम्ही रिकाम्या हाताने परतलो.

पावसाळ्यानंतर तानाबाई वारली. स्वीटीचं रक्त घ्यायला आम्ही गेलो तेव्हा ती पोर सहज बोलून गेली, "ताना आजीले बी आईसारखीच गाठ होती."

यशोदाबाईच्या हातातली सुई थांबली. "बायजे, मले सांगतलं काऊन नाई?"

बायजा भांबावली. "तुम्ही कुळाचं इचारलं ना बाई. आमच्यात देवावरून कुळ धरतेत, लगन झालं का बाई नवऱ्याच्या देवात जाते. तानाआत्या आमच्या कुळात कुठं राह्यली होती?"

खोटं कोणीच बोललं नव्हतं. आपलं मोठं दुर्दैव हेच! देव बदलले तरी रक्त बदलत नाही, हे त्या अंगणात कोणी बोललंच नाही.

"मंग माह्यं काय होईन?" स्वीटीने विचारलं. यशोदाबाईने माझं झाकण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं.

स्वीटीच्या रक्तातही तोच बदल निघाला. त्याचा अर्थ अजून ठरलेला नाही. डॉक्टर तिला तपासणीला बोलावतात आणि ती आर्वीला येते. जिन्याजवळच्या बाकावर बसून राहते, मोबाइल काढते, परत ठेवते. मला ते बघवत नाही. तिच्या आईचा आजार आता हाडांत उतरलाय.

मित्रांनो, माझं झाकण दुरुस्त करा असं मी म्हणणार नाही. एवढंच करा. घरातल्या आजाराचं कोणी विचारलं, तर लग्न होऊन गेलेल्या आत्यांची, मावश्यांची, आईच्या आईची नावं आधी सांगा. त्या परक्या झालेल्या नसतात. तानाबाई माझ्यापासून हातभर अंतरावर चहा पीत बसली होती, आणि माझ्यात त्या दिवशी बर्फही होता, जागाही होती.