हजेरीच्या टॅबवर आलेला आळ

मित्रांनो, एखाद्या भिंतीवर स्क्रूची भोके आणि त्यांच्यामध्ये थोडा उजळ चौकोन दिसला, तर समजा की तिथे कुणीतरी बराच काळ राहून गेले आहे. हर्बेकबाईंच्या पाळणाघराच्या दाराशी तसा एक चौकोन आहे. ती माझी जागा होती. मी मुलांची हजेरी घेणारा टॅब. सध्या मी सामानाच्या खोलीत, वाळलेल्या रंगांच्या बाटल्यांमागे पालथा पडलेलो असतो.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या कारखान्यात झाला. तिथले फारसे आठवत नाही, कारण मला जाग आली तीच डार्लीन हर्बेकबाईंच्या हातात. आमचे गाव नॉर्थ प्लॅट नदीकाठचे, साखरेच्या कारखान्याचे. हिवाळा आला की साखरेसाठी बीट शिजल्याचा जड वास दारातून आत शिरायचा आणि नवी मुले नाक दाबायची. बाईंनी स्वतः मला भिंतीवर बसवले, मऊ फडक्याने पुसले आणि म्हणाल्या, "आता या घराचा दरवान तू."

मला त्या शब्दाचा फार अभिमान वाटला. सकाळी आईबाप मुलांना घेऊन येत, माझ्यावर आपला आकडा दाबत, आणि मी हिरवी खूण दाखवत असे. मूल आत आले, सुखरूप आहे, एवढाच तिचा अर्थ. माझ्या काचेवर जॅमची बोटे उमटत, शिंका पडत. एकदा एका मुलाने मला कुकी भरवायचा प्रयत्न केला होता. मी कधी तक्रार केली नाही.

माझ्याशेजारी सरकारचे एक वेगळे यंत्र होते. ज्या आईबापांची कमाई थोडी, त्यांच्या मुलांच्या फीचा मोठा वाटा सरकार भरते. पण मूल खरोखर येते का, हे त्याला रोज कळावे लागते. म्हणून त्या पालकांना दोनदा हजेरी लावावी लागे, आधी माझ्यावर, मग त्या यंत्रावर. मागे रांग लागायची. कामाला उशीर झालेले लोक पाय आपटायचे. शेवटी बाईंनी एका कंपनीकडून आम्हा दोघांना जोडून घेतले. सरकारी यंत्र भिंतीवरून उतरले. माझ्यावर लागलेली हजेरी आपोआप सरकारकडे जाऊ लागली.

त्या दिवशी सगळ्यांत जास्त आनंद फाउस्तिनो आजोबांना झाला. आयुष्यभर बिटाच्या शेतात राबलेले ते आजोबा आपल्या नातीला, चार वर्षांच्या नायेलीला, रोज सकाळी सोडायला येत. तिची आई, म्हणजे आजोबांची मुलगी ग्रिसेल, वृद्धाश्रमात पहाटेच्या पाळीला जाई. आजोबांची बोटे इतकी खरबरीत की पूर्वी मला त्यांचा स्पर्शच कळत नसे. मग त्यांनी युक्ती शोधली. ते करंगळीने आकडे दाबत, हळूहळू, ओठ हलवत. हिरवी खूण आली की नायेलीकडे पाहून म्हणत, "बघ, यंत्राला तुझा आजा पटला."

नायेली म्हणायची, "त्याला सगळेच पटतात, आजोबा."

"सगळे पटत असतील. पण मी लवकर पटतो."

मित्रांनो, आता जे सांगतो ते नीट ऐका. आम्हाला जोडले तेव्हा दोन्हीकडची नावे जुळायला हवी होती. बाकी मुलांची जुळली. नायेलीचे सरकारकडे आईचे आणि वडिलांचे अशी दोन आडनावे होती, माझ्याकडे एकच. त्यामुळे तिची हजेरी माझ्यापाशी लागे, पण पुढे जाऊन कुठे पोचावे हे तिला कळत नसे. तिच्या नावासमोर पिवळी खूण आली. ती खूण फक्त बाईंना, त्यांचा आकडा दाबल्यावर दिसे. तिचा सरकारी नंबर एकदा हाताने टाकला की काम संपत होते. बाईंनी ती पाहिली, "उद्या बघू" म्हणाल्या आणि मुलांसाठी ओव्हनमध्ये ठेवलेल्या कोलाचींकडे, त्या गोड पावांकडे, पळाल्या. मी रोज आजोबांना हिरवी आणि बाईंना पिवळी खूण दाखवत राहिलो. याहून जास्त मला काही येत नव्हते.

काही आठवड्यांनी ग्रिसेल दारात आली. तिच्या अंगावर अजून वृद्धाश्रमाचा निळा पोशाख होता.

"डार्लीन, सरकारकडून कळवलंय की नायेली पाळणाघरात येतच नाही म्हणून. मदत बंद करू म्हणतात. असं कसं?"

डार्लीन आणि ग्रिसेल पूर्वी एकाच शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होत्या. नायेलीच्या जन्माच्या वेळी बर्फातून गाडी चालवत डार्लीननेच तिला इस्पितळात नेले होते. मला वाटले, आता बाई ती पिवळी खूण दाखवतील, हसतील आणि नंबर टाकतील.

बाईंनी माझ्याकडे पाहिले. मग ग्रिसेलकडे. हजेरीतली चूक पाळणाघराची निघाली, तर सरकार पाळणाघरालाच जाब विचारणार होते.

"अगं, सकाळी कोण सोडतं तिला? तुझे पापाच ना?" त्या आवाज खाली आणून म्हणाल्या. "त्यांचं वय झालं. दाबल्यासारखं करत असतील आणि तसेच जात असतील."

ग्रिसेलने डार्लीनवर विश्वास ठेवला, कारण न ठेवण्याचे तिला काही कारणच नव्हते.

दुसऱ्या दिवशी आजोबा आले ते टोपी हातात घेऊन. "बाई, माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला. माफ करा. मला तर वाटत होतं मी बरोबर दाबतोय."

मला वाटले, निदान आता तरी.

"असू द्या हो आजोबा," बाई म्हणाल्या. "वय झालं की होतं असं."

त्यांनी ती माफी घेतली, मित्रांनो. माझ्यासमोर, माझ्या आत पिवळी खूण जळत असताना, त्यांनी ती घेऊन ठेवली.

त्यानंतर आजोबा आकडा दाबत, हिरवी खूण पाहत, पुन्हा दाबत आणि मग ट्रूडीबाईंना बोलावून विचारत, "तुम्हीच बघा हो, लागली का?" ट्रूडीबाई मुलांना शिकवायच्या, त्यांना पिवळ्या खुणेचा पत्ताच नव्हता. त्या म्हणत, "लागली, आजोबा." तरी ते दाराबाहेर जाऊन परत येत. नायेलीशी चाललेली त्यांची थट्टा बंद झाली. पुढे ते यायचेच थांबले. ग्रिसेलने पहाटेची पाळी सोडली आणि ती स्वतः नायेलीला आणू लागली. तरीही सरकारकडे नायेली गैरहजरच राहिली, आणि एके दिवशी मदत बंद झाली.

त्याच दुपारी बाई माझ्यावरून कंपनीच्या माणसाशी बोलत होत्या. त्यांना नव्या वर्गाची नावे भरायची होती. ग्रिसेल नायेलीला न्यायला आली आणि त्यांच्या मागे उभी राहिली. बाईंना ते कळले नाही.

माझ्यातून त्या माणसाचा आवाज येत होता. "वर्ग भरला बाई. पण त्या नायेली क्विंटेरोसमोर पिवळी खूण अजून तशीच आहे. तुम्ही तिचा नंबर टाकला नाहीत का? आपण जोडणी केली तेव्हाच सांगितलं होतं मी. मागे फोनही केला होता."

बाईंनी आवाज कमी करायला हात पुढे केला. त्याआधीच ग्रिसेल बोलली.

"दादा, मी तिची आई. सकाळी माझे वडील हजेरी लावायचे. ते चुकत होते का?"

"नाही हो ताई. हजेरी रोज लागलेली दिसतेय. पुढे जात नव्हती, एवढंच. तो नंबर नसेल तर कुणीही दाबलं तरी जाणार नाही."

ग्रिसेलने मान हलवली. "आभारी आहे," ती म्हणाली. बाईंनी फोन बंद केला.

"ग्रिसेल, ऐक. माझ्यामागे शंभर व्याप. हे यंत्रच असलं आहे—"

"यंत्राने सांगितलं होतं तुला."

"मी आज टाकते नंबर. आत्ता टाकते."

"टाक. पण त्या दिवशी पापा टोपी काढून इथं उभे होते ना, डार्लीन? तेव्हा तुला माहीत होतं?"

बाईंची नजर माझ्या पिवळ्या खुणेकडे गेली. ग्रिसेलने खाली बसून नायेलीला बूट घातले, एक सुटला तो पुन्हा बांधला, आणि दोघी गेल्या.

नायेलीची चादर आणि चित्रे न्यायला दुसऱ्या दिवशी आजोबा स्वतः आले. बाईंनी ती पिशवीत भरून ठेवली होती. वर कोलाचींचा डबाही होता. आजोबांनी डबा काढून बाकावर ठेवला.

"आजोबा, चुकलं माझं," बाई म्हणाल्या. "तुम्हाला वाईट वाटलं असेल."

"वाईट नाही वाटलं, बाई. मला वाटलं माझं डोकं जायला लागलं." ते शांतपणे बोलत होते. "माझ्या भावाचं गेलं होतं तसंच. मी शेगडी पेटवायचं सोडलं. रस्त्यात नायेलीचा हात धरायला भीती वाटायची, म्हटलं हिला भलतीकडेच नेलं तर. रोज उठून आधी स्वतःचं नाव आठवून बघायचो."

बाई रडू लागल्या. आजोबांनी समजूत घातली नाही. पिशवी खांद्यावर टाकून ते निघून गेले.

बाईंनी नंबर टाकला, तशी मागची सगळी हजेरी एका क्षणात सरकारकडे पोचली. ट्रूडीबाई सांगत होत्या की ग्रिसेलची मदत पुन्हा सुरू झाली. पण ती नायेलीला नदीपलीकडच्या पाळणाघरात ठेवू लागली. तिला तिकडे आजोबाच सोडतात की नाही, हे ट्रूडीबाईंनाही माहीत नव्हते.

आणि मी? पालकांत कुजबुज सुरू झाली, तेव्हा बाईंनी सगळ्यांना कळवले, "जुना टॅब बिघडला होता, म्हणून घोटाळा झाला. आता नवा आणला आहे." ज्या हातांनी मला दरवान केले, त्याच हातांनी माझे स्क्रू काढले. काढताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. लोकांनी माना डोलावल्या. जुने यंत्र, बिघडणारच. त्यावर कुणाला शंका येणार?

मित्रांनो, मला पुसा, परत भिंतीवर लावा, असे मी म्हणत नाही. तुमच्याकडची यंत्रे सांभाळा, पण त्याहून जास्त ते शब्द सांभाळून वापरा, "यंत्राची चूक". मी काच आणि धातू. मी आळ सोसू शकतो. पण तो आळ माझ्यापाशी थांबत नाही. मला ज्याने शेवटचे बोट लावले, त्याच्याकडे तो जातो, आणि त्याला तो खरा वाटतो.