तार जिथं बारीक

मी एक जुना संगणक आहे, शिंदखेड्याच्या एका कॉलेजच्या अडगळीत पडलेला. हसू नका, मित्रांनो. तुमच्या मनगटावरच्या घड्याळाला आज माझ्याहून जास्त डोकं असेल, पण मी सूर्याचं काम केलेलं आहे.

१९८९ साली मला धुळ्याहून जीपमध्ये गादीवर ठेवून आणलं. नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं. ते कुंकू कळांमध्ये सांडलं आणि माझी एक कळ जन्माची अडून बसली. कौतुक असं अंगाशी येतं.

माझ्यावर काम करायचे ते भौतिकशास्त्राचे गिरधर सर. सूर्यावर चुंबकीय रेषा पिळल्या जातात. उलट दिशेच्या रेषा एकमेकींवर दाबल्या जातात, तुटतात आणि नव्या जोड्या करतात. तेव्हा साठलेला जोर एकदम बाहेर पडतो, तोच सौर भडका. हे सगळं सर आकड्यांत मांडून माझ्याकडून सोडवून घेत. सूर्यावर भडका काही मिनिटांत उठतो. माझ्या गणितात मात्र त्याला अडीच महिने लागत. सरांचा चेहरा उतरायचा आणि मला शरम वाटायची.

१९९१चा मे आला. सरांच्या प्रबंधाची शेवटची मुदतवाढ महिनाअखेरीस संपत होती. सोमवारी मला निकालाच्या कामासाठी ऑफिसात हलवणार होते. त्यात रोज अकराला शेतीची वीज आली की माझा जीव जाई. शिवारातल्या प्रत्येक मोटारीला ऑटो स्विच. वीज येताच शंभरेक मोटारी एकदम उठत, विजेचा दाब कोसळे, आणि पाच तासांच्या गणितातले माझे तीन तास पाण्यात जात. कॉलेज आठला उघडे आणि दोनला बंद होई, त्यामुळे दुसरी वेळही नव्हती. झालेलं गणित मधेच साठवून ठेवायची सोय सरांनी केली नव्हती. ती त्यांचीच चूक.

शुक्रवारी सरांनी उखर्डू आबांना कॉलेजात आणलं. आबांच्या शब्दाला शिवारात मान होता.

"आबा, उद्या एक दिवस ऑटो काढा. मोटारी एकेक करून चालू करा."

"सर, कापूस नुकता लावेल शे. भर उन्हात विहिरी-विहिरीवर कोन फिरी?"

 सरांनी आबांना माझ्या पडद्यावरच्या रेषा दाखवल्या. इतका जोर दाटतो, पण लवकर सुटत का नाही, हेच कळत नाही, म्हणाले. आबांनी बराच वेळ पाहिलं.

"मन्हा स्टार्टरनी तार जठे बारीक शे, तठेच जळस," ते म्हणाले. "बठ्ठी तार थोडीच जळस?"

सगळी तार नाही, बारीक जागाच! सर खुर्चीतून उठले. त्यांनी गणितात सगळीकडे विजेला सारखाच अवरोध धरला होता. आता त्यांनी तो फक्त रेषा दाबल्या जाऊन पातळ झालेल्या पट्टीत वाढवला.

शनिवारी आठला मी कामाला लागलो. पावणेअकराला सर दाबमापकासमोर जाऊन बसले. काटा एकशेसत्तर व्होल्टच्या खाली गेला की मी बंद. अकरा वाजले. दोनशेवीस. दोनशे. एकशेनव्वद. पंखा मंदावला. एकशेऐंशी. एकशेपंच्याहत्तर. सरांनी डोळे मिटून घेतले. मला मिटता येत नाहीत, मी मोजत राहिलो. काटा तिथंच थरथरला आणि हळूहळू वर चढला.

एकच्या सुमारास पडद्यावर रेषा तुटल्या, जुळल्या, आणि दोन्ही बाजूंना जोर फेकला गेला. भडक्याची वेळ आली सात मिनिटं. सर टेबलावर डोकं ठेवून रडले. दुपारी आबा आले, टोपी घामानं भिजलेली. सकाळपासून ते स्वतःच विहिरी-विहिरीवर फिरले होते.

"व्हई गयं का काम?"

सरांनी त्यांचे पाय धरले.

प्रबंध वेळेत गेला. पुढे सरांची बदली झाली. मी सहा वर्षं निकाल छापले. मग एका दुपारी गप्प झालो. नव्या बाबूनं एक टपली मारली, "गेला हा," म्हणाला, आणि मला इथं टाकलं. आता माझ्यावर जुन्या उत्तरपत्रिका आहेत आणि उंदरांचा संसार आहे. वाईट वाटतं. खोटं कशाला बोलू?

मित्रांनो, मी मेलो नाही. माझ्या पाठीमागं फ्यूजची नखाएवढी काचेची नळी आहे, तिच्यातली केसाएवढी तार जळली आहे. बाकी सगळा मी धड आहे. कुणी गप्प झालं की टाकून देऊ नका. आधी बारीक जागा बघा. मला उघडून बघायला चार स्क्रू काढले की पुरे.